अपघातातला गंभीर जखमी आणि रक्तातलं कॅल्शियम: घरच्यांनी काय पाहावं, काय विचारावं

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या आयसीयूतल्या रात्री बदलतात. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, खानापूर, कुठूनही गाडी येते आणि कहाणी बहुतेक वेळा तीच असते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि अंधारात मोटरसायकल मागून थेट आत शिरलेली. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात अतिदक्षता विभागात नर्स म्हणून काम करते.

अशाच एका रात्री एक आजी दाराशी आल्या. हातातल्या रुमालात गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं. "सिस्टर, नातवाच्या रक्तात कॅल्शियम कमी पडलंय म्हणाले डॉक्टर. ह्या माझ्या गुडघ्याच्या कॅल्शियमच्या गोळ्या. त्याला देऊ काय ओ?" नातू व्हेंटिलेटरवर होता, पोटात रक्तस्राव झाला होता, चौथी रक्ताची पिशवी चालू होती. मी आजींचा हात धरला आणि गोळ्या परत रुमालात बांधायला सांगितल्या. पण त्यांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. कॅल्शियम म्हणजे हाडं, दूध आणि म्हातारपणीची गोळी, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. गंभीर जखमीच्या बाबतीत हा सगळा मामला वेगळा आहे. तो घरच्यांना कळला तर रुग्णासाठी बरंच काही करता येतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी हे समजून घ्या

आपल्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेलं जेमतेम एक टक्का रक्तात आणि पेशींत. रक्तातल्या कॅल्शियमपैकी जवळजवळ निम्मं प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, आणि थोडं इतर घटकांना बांधलेलं असतं. बाकीचं मोकळं फिरतं. हे मोकळं कॅल्शियम म्हणजेच डॉक्टर ज्याला 'आयोनाइज्ड कॅल्शियम' म्हणतात ते. खरं काम तेच करतं.

काम कोणतं? तीन सांगते. पहिलं, रक्त गोठवणं. रक्त गोठवणाऱ्या घटकांना वैद्यकशास्त्रात क्रमांक दिलेले आहेत आणि त्यातला चौथा घटक म्हणजे खुद्द कॅल्शियम. यकृतात तयार होणारी गोठण्याची प्रथिनं जखमेच्या जागी चिकटतात ती कॅल्शियमच्या आधाराने. ते नसेल तर प्रथिनं रक्तात असूनही जागेवर बसत नाहीत. दुसरं, हृदयाच्या स्नायूचं आकुंचन. तिसरं, रक्तवाहिन्यांचा ताण, म्हणजे पर्यायाने बीपी. आता ज्याचं रक्त वाहतंय आणि बीपी पडतंय, अशा माणसात नेमकं हेच कमी झालं तर काय होईल, याचा अंदाज तुम्हाला आला असेल.

जखमी माणसाला मारणाऱ्या तीन गोष्टी डॉक्टर वर्षानुवर्षं एकत्र शिकवत आले: शरीर थंड पडणं, रक्तात आम्ल वाढणं आणि रक्त न गोठणं. एक वाढली की दुसरीला ओढते. २०२० च्या सुमारास तज्ज्ञांनी मांडलं की या तिघींत चौथी जोडायला हवी, ती म्हणजे कॅल्शियमची घट. मला ही मांडणी पटते, कारण खाटेशी उभं राहून जे दिसतं त्याच्याशी ती जुळते.

कॅल्शियम का घटतं, याची कारणं एकाहून जास्त आहेत. रक्त चढवल्यामुळे घटतं हे जुनं ज्ञान. पण रक्ताची एकही पिशवी लागायच्या आधी, कॅज्युअल्टीत आल्या आल्याच, गंभीर जखमींपैकी बऱ्याच जणांचं कॅल्शियम कमी सापडतं. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण पाव हिश्शापासून निम्म्याहून जास्तपर्यंत आलेलं आहे. शॉकमध्ये, म्हणजे बीपी पडून अवयवांना रक्त पुरेनासं झालं की, वाढणारं लॅक्टेट (पेशींत तयार होणारा आम्लाचा प्रकार) मोकळ्या कॅल्शियमला बांधून घेतं, सलाईनच्या बाटल्यांनी रक्त पातळ होतं, आणि पेशींचं कामच बिघडतं. म्हणजे लढाई रुग्णालयाच्या दारात नाही, रस्त्यावरच सुरू झालेली असते.

रस्त्यावर: गोळी नको, पाणी नको, ऊब द्या

१०८ किंवा ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा आहे. ठिकाण सांगताना गावाच्या नावावर थांबू नका. किलोमीटरचा दगड, पूल, पेट्रोल पंप, कारखान्याचा फाटा सांगा. मदत करणाऱ्याने नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ तुम्हाला संरक्षण देतं. पोलिसांच्या भीतीने बाजूला उभे राहणारे अजूनही दिसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबा आणि दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. काही रुतलेलं असेल तर उपसू नका. वाहिलेल्या प्रत्येक पेल्याबरोबर गोठण्याचे घटक आणि कॅल्शियम दोन्ही जातात, म्हणून रक्त थांबवणं हाच कॅल्शियम वाचवण्याचा पहिला उपाय.

आता ऊब. जांबोटी-कणकुंबीकडची डिसेंबरातली रात्र ज्याला माहीत आहे त्याला मी काय वेगळं सांगणार! ओले कपडे जमले तर काढा, घोंगडं, चादर, शाल, ट्रॅक्टरवरची पोती, जे मिळेल ते पांघरा. खालीही घाला, कारण थंड डांबर अंगातली ऊब शोषून घेतं. थंड पडलेल्या शरीरात यकृत मंद चालतं, आणि पुढे रक्ताच्या पिशव्या लागल्या की त्यात रक्त गोठू नये म्हणून घातलेला सायट्रेट पचवायचं काम याच यकृताला करायचं असतं. त्याचं कोडं पुढे सोडवते.

तोंडाने काहीही देऊ नका. पाणी नाही, सरबत नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळी तर नाहीच. बेशुद्धीत ते श्वासनलिकेत जातं, ऑपरेशनला उशीर होतो, आणि गोळीतलं कॅल्शियम त्या तासाभरात रक्तात पोहोचतही नाही.

कुठे न्यायचं

रुग्णाचा श्वास अडतोय, रक्त थांबतच नाही, अशा वेळी जवळच्या तालुका रुग्णालयात आधी सावरून घेणं योग्य. पण पुढे पाठवायचं ठरलं तर तीन गोष्टी विचारून घ्या: जिथे नेतोय तिथे रक्तपेढी आहे काय, रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत काय, आणि एबीजी मशीन चालू आहे काय. हे तिसरं कोणी विचारत नाही. एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची ती तपासणी जिचा कागद काही मिनिटांत बाहेर येतो. मोकळं कॅल्शियम कळतं ते बहुतेक ठिकाणी त्याच कागदावर.

खानापूरकरांना बेळगाव जवळ. निपाणी भागातल्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं. राज्याची सीमा मधे आहे म्हणून लांबच्या वाटेने जाऊ नका. रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेली कॅशलेस योजना आहे. तीत नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार येतो. रुग्णालयाच्या काउंटरवर तिचं नाव घेऊन विचारा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये आपली आरोग्य योजना जाहीर केली होती. ती तुम्ही नेलेल्या रुग्णालयात चालते काय, हेही तिथेच विचारून घ्या. पण या चौकशा एकाने करायच्या. रुग्णाजवळचा माणूस हलता कामा नये.

कॅज्युअल्टीत सांगायच्या गोष्टी

न विचारता सांगा: रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे काय, किडनीचा आजार किंवा डायलिसिस आहे काय, गळ्याचं, थायरॉइडचं ऑपरेशन झालंय काय, हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे काय, दारू किती, यकृताचा त्रास आहे काय. गळ्यात थायरॉइडच्या मागे मसुराएवढ्या चार ग्रंथी असतात आणि शरीरातलं कॅल्शियम त्याच सांभाळतात. जुन्या ऑपरेशनात त्यांना धक्का लागलेला असेल तर रुग्ण आधीच काठावर असतो. डिगॉक्सिनच्या रुग्णाला कॅल्शियम टोचताना हृदयाच्या ठोक्यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

अंगावर ट्रॉली पडून किंवा चाकाखाली पाय तासभर दबलेला असेल तर *किती वेळ* दबला होता ते नक्की सांगा. चेंगरलेल्या स्नायूत कॅल्शियम ओढलं जातं, रक्तातलं घटतं, आणि काही दिवसांनी तेच उलट बाहेर येऊन रक्तात जास्त होऊ शकतं. त्यामुळे अशा रुग्णात लक्षणं नसताना नुसत्या आकड्यावरून कॅल्शियम भरण्याची घाई डॉक्टर करत नाहीत. मात्र पोटॅशियम वाढून हृदय धोक्यात आलं तर कॅल्शियम लगेच द्यावं लागतं. "आकडा कमी आहे तरी देत का नाहीत?" असा राग येण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्या.

कागद कसा वाचायचा

एबीजीचा कागद बोटभर रुंदीचा, पावतीसारखा. त्यावर कॅल्शियमच्या दोन इंग्रजी अक्षरांपुढे दोन अधिक चिन्हं (++) दिसतील. तो आकडा मोकळ्या कॅल्शियमचा. मिलिमोलमध्ये असेल तर साधारण १.१५ ते १.३० हे ठीक. १.१ च्या खाली गेलं की कमी म्हणायचं. ०.९ च्या खाली गेलं तर गंभीर. काही मशीन मिलिग्रॅममध्ये दाखवतात, तेव्हा हे वरचे आकडे चारने गुणून ताडून बघा: ०.९ म्हणजे ३.६.

आणि लॅबमधून येणारा दुसरा, मोठा कागद असतो. त्यावर 'एकूण कॅल्शियम' ८.५ ते १०.५ च्या आसपास लिहिलेलं. या दोघांची तुलना करू नका. जखमी माणसाचं अल्ब्युमिन घसरतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो आणि मोकळं कॅल्शियम चांगलं असू शकतं. उलटही होतं. अल्ब्युमिन धरून आकडा दुरुस्त करण्याचं एक सूत्र आहे, पण आयसीयूतल्या रुग्णात त्याच्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. मोकळं कॅल्शियम प्रत्यक्ष मोजता येत असताना अंदाज कशाला?

डॉक्टर रुग्णावर वाकलेले असताना हे विचारू नका. ते बाहेर येऊन बोलतात तेव्हा शांतपणे इतकंच: "आयोनाइज्ड कॅल्शियम किती आलं? किती वाजताचं? परत कधी तपासणार?" बेळगावात फॉर्म कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आणि आपण मराठीत, अशी आपली गत असते. न समजता सही करू नका. कन्नड वाचणारा कोणीतरी ओळीत नक्की असतो, त्याला हाक मारा. मी कितीदा पाहिलंय, शेजारच्या खाटेवरच्या गोकाकच्या माणसाने आपल्या लोकांना पूर्ण फॉर्म वाचून दाखवलाय.

नव्या सिस्टर-ब्रदरांसाठी दोन ओळी. हेपरिनच्या सिरिंजमधली हवा काढा, टोपण लावा, नमुना लगेच मशीनवर न्या. पातळ हेपरिन जास्त राहिलं तर कॅल्शियम खोटं कमी येतं. सलाईन किंवा कॅल्शियम चालू असलेल्या हातातून नमुना घेऊ नका.

रक्ताच्या पिशव्या मोजा

आता सायट्रेटचं कोडं. रक्त देताना तुम्ही पिशवी पाहिली असेल. रक्त यायच्या आधीच तिच्यात थोडं पाण्यासारखं द्रावण असतं. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत ते ४९ मिलिलिटर. त्यातला सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून पिशवीतलं रक्त गोठत नाही आणि ३५ दिवसांपर्यंत टिकतं. पण तेच रक्त रुग्णाच्या अंगात गेलं की सायट्रेट त्याचंही मोकळं कॅल्शियम बांधून टाकतो. धडधाकट माणसाचं यकृत हे सहज निस्तरतं. शॉकमधलं, थंड पडलेलं, मार लागलेलं यकृत मागे पडतं, आणि पिशव्या एकामागून एक घाईने चालू असतात. प्लाझ्माच्या पिशवीत सायट्रेट लाल पेशींच्या पिशवीपेक्षा जास्त असतो, हेही लक्षात असू द्या.

म्हणून एक वही करा. शाळेची चालेल. प्रत्येक पिशवीपुढे वेळ आणि प्रकार लिहा: लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट. बाजूला कॅल्शियमचे आकडे, कळतील तसे. मोठ्या रक्तस्रावात अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय सूचना सांगतात की पहिल्या पिशवीबरोबरच कॅल्शियम द्या आणि पुढे दर चार पिशव्यांमागे परत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या सूचना मोकळं कॅल्शियम तपासत राहून ते प्रमाणात ठेवायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांची पद्धत यापैकी कोणतीही असेल. दोन-तीन पिशव्या झाल्या आणि कॅल्शियमचा उल्लेखच आला नाही, तर विचारण्याचा हक्क तुमच्या वहीने तुम्हाला दिलाय.

रक्तदात्यांची फौज गोळा करताना गावातल्या पोरांना आधीच सांगा: वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५, आणि पुरुषाने मागच्या वेळेपासून ९० दिवस, बाईने १२० दिवस थांबलेलं हवं. टेम्पो भरून वीस जण येतात आणि तपासणीत निम्मे परत जातात, असं होऊ देऊ नका.

इंजेक्शन

दोन प्रकार. कॅल्शियम ग्लुकोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही १० टक्क्यांचे, १० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम. पण ग्रॅम सारखा असला तरी आतलं कॅल्शियम सारखं नाही: ग्लुकोनेटच्या एका ॲम्प्युलमध्ये ९३ मिलिग्रॅम, क्लोराइडमध्ये २७३. जवळजवळ तिप्पट. "एक ॲम्प्युल दिलं" असं कोणी म्हणालं तर कशाचं, हे विचारायला हवं. ड्यूटी बदलताना माझ्या तोंडात हाच प्रश्न असतो.

क्लोराइड शिरेबाहेर गळलं तर कातडी काळी पडून कुजते, म्हणून ते मोठ्या शिरेतून. ग्लुकोनेट थोडं सौम्य, पण तेही सावकाश आणि मॉनिटरकडे डोळा ठेवून. रक्ताच्या नळीतून कॅल्शियम द्यायचं नाही, नळीतच रक्त गोठतं. सोडाबायकार्ब आणि सेफ्ट्रायॅक्झोनबरोबरही नाही, दोन्हींशी साका बनतो. रुग्णाच्या हाताशी बसलेल्या नातेवाइकाला सुईची जागा सुजलेली, लाल, दुखरी दिसली तर तेव्हाच आम्हाला हाक मारा. अशी हाक मारणाऱ्या एका वहिनींमुळे एका तरुणाचा हात वाचलेला मी पाहिलाय. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "सिस्टर, हा हात त्या हातापेक्षा जाड दिसतोय."

"जास्तच देऊन टाका" असा आग्रह धरू नका. प्रमाणाबाहेर चढलेलं कॅल्शियमही वाईट परिणामांशी जोडलेलं दिसतं.

पुढचे दिवस

शुद्धीतल्या माणसाला कॅल्शियम घटलं की ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातात गोळे येतात, मनगट वाकून बोटं चोचीसारखी जुळतात. झोपेच्या औषधाखाली असलेला रुग्ण यातलं काही सांगू शकत नाही. तिथे दिसतं ते फक्त न सावरणारं बीपी, ईसीजीतलं लांबलेलं अंतर आणि ड्रेसिंगमधून पाझरत राहणारं रक्त. म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा लागते. रक्तातलं आम्ल कमी व्हायला लागलं, म्हणजे रुग्ण सुधारत असतानाच, मोकळं कॅल्शियम अजून थोडं खाली येऊ शकतं. घाबरू नका. आणि कॅल्शियम देऊनही चढत नसेल तर मॅग्नेशियम तपासलं काय, हे विचारा. मॅग्नेशियम कमी असेल तर कॅल्शियम टिकत नाही.

मग रुग्ण बरा होणार की नाही? हे मला दररोज विचारलं जातं, म्हणून सरळ लिहिते. ज्यांचं मोकळं कॅल्शियम फार खाली जातं त्यांना जास्त रक्त लागतं, त्यांचं रक्त गोठायला त्रास होतो आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण ज्याला जास्त मार त्याचं कॅल्शियम जास्त घटणार, हेही तितकंच खरं. कमी आकडा हा धोक्याचा निरोप आहे, निकाल नव्हे. सुरुवातीला ०.८ आलेले आणि पुढे स्वतःच्या पायांनी वॉर्डातून गेलेले रुग्ण मी पाहिलेत. आजींचा तो नातू त्यातलाच.

घरी आल्यावर

इथे आजींच्या गोळ्यांचा नंबर लागतो, तोही डॉक्टरांनी लिहिल्या तरच. किडनीला मार बसला असेल किंवा स्नायू चेंगरले असतील तर मनाने सुरू करू नका. लिहिल्या असतील तर लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, मधे दोन तास तरी ठेवा. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन यांसारखी अँटिबायोटिक चालू असतील तर वेळा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

खाण्यात आपल्याकडची नाचणी सोन्यासारखी. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण हजार मिलिग्रॅम लागतं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी ताक, तिळाची चटणी, दोन अंडी, बांगडा-तारली मिळाली तर उत्तम. प्रथिनं कमी पडू देऊ नका, जखमा त्यावरच भरतात. पथ्याच्या नावाखाली महिनाभर नुसता भात आणि पेज घालणारी घरं पाहून जीव तुटतो. 'ड' जीवनसत्त्वाची पातळी एकदा तपासून घ्या.

मुंग्या, हातापायांत वारंवार गोळे, छातीत धडधड किंवा आकडीचा झटका आला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ती वही आणि डिस्चार्ज कार्ड पिशवीत घाला आणि लगेच या.